टीवाय बीएस्सी केमिस्ट्री: आपल्याला नोकरी मिळेल की नाही हे तुम्ही कशावरून ठरवलं होतं?

तिसऱ्या_बाकावरची

नमस्कार. आजवर नुसतं वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

मी बार्शीकडची. टीवाय बीएस्सी, मेन सब्जेक्ट केमिस्ट्री. मागच्या आठवड्यात डिपार्टमेंटला एक फॉर्म भरून घेतला. मूल्यांकनाची कमिटी यायची आहे, त्यामुळे सध्या रोज काही ना काही भरून घेणं चालू आहे. त्यात एक प्रश्न होता: पदवीनंतर सहा महिन्यांत आपल्या शिक्षणाला साजेशी नोकरी मिळेल याची तुम्हाला कितपत खात्री वाटते? एक ते पाचपैकी आकडा टाकायचा. सर दारातच उभे होते. हसत हसत म्हणाले, "टाका रे चार-पाच, खाली कशाला जाता." बहुतेकांनी चार टाकले. मी दोन टाकले. माझ्या शेजारणीचे मागचे दोन विषय अजून राहिलेत, तिने पाच टाकले आणि त्याला पेनाने दोनदा गोल केला.

बाहेर आल्यावर चहाच्या गाड्यावर तेच चार टाकणारे म्हणायला लागले, "कुठली नोकरी घेऊन बसलीस, बीएस्सीला कोण विचारतंय." आत चार आणि बाहेर शून्य. मला त्यांचं हसू आलं, पण घरी आल्यावर वाटलं, मी तरी दोन कशाच्या जिवावर टाकले? मी एकही इंटरव्ह्यू दिलेला नाही. कंपनी आतून पाहिलेली नाही. पुण्याला जाताना एसटीच्या खिडकीतून कुरकुंभची एमआयडीसी दिसते आणि वास येतो, तेवढीच आमची ओळख.

मग बसून आठवलं की माझ्या डोळ्यांसमोर काय होतं. आमच्या आधीच्या बॅचमधले माझ्या ओळखीचे लोक, बस. एक दादा पहिल्या नंबरात पास झाला आणि आता मार्केट यार्डाजवळ ई-सेवा केंद्र चालवतो. दोघे पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात. एक फायनान्सवाल्याकडे वसुलीला आहे. एका ताईला तहसीलला मुख्यमंत्र्यांच्या युवा प्रशिक्षण योजनेतून महिना १०,००० मिळत होते, ती मुदत संपली आणि ती घरी बसली. मुलींपैकी बऱ्याच जणींची लग्नं झाली. एकच ताई कुरकुंभला क्यूसीत (मालाची तपासणी करणारा विभाग) आहे, पण ती माझ्याशी कधी बोललेली नाही, म्हणून ती माझ्या हिशेबात आलीच नाही!

शेजारणीला विचारलं, बाई गं, पाच कसे काय? ती म्हणाली, "मामा चाकणला आहे, त्याने सांगितलंय, रिझल्ट लागला की ये." म्हणजे तिचे पाच तिच्या जागी बरोबरच आहेत. तिला केमिस्ट्रीची नोकरी लागेल असं ती म्हणतच नाही, मामा कुठेतरी चिकटवेल असं म्हणतेय. आणि आमच्या वर्गाचा टॉपर, ज्याला सगळे सर ओळखतात, त्याने एक टाकलाय. कारण त्याच्या लेखी नोकरी म्हणजे सरकारी. बाकी सगळं "तोपर्यंतचं काम".

घरी वडील आडत्याकडे हिशेब लिहितात. त्यांचं म्हणणं बीएड कर, शिक्षिकेची नोकरी मुलीला बरी. मी त्यांना सांगितलं की शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी २०१७ ला झाली ती नंतर थेट २०२३ ला. ते म्हणाले, "मग तोपर्यंत तुझं बीएड होतंच की." यावर काय बोलणार. आईचं मत वेगळं आहे. एमएस्सी कर, म्हणजे दोन वर्षं कोणी स्थळं घेऊन येणार नाही.

तर माझं विचारणं असं आहे. तुम्ही शेवटच्या वर्षाला असताना स्वतःबद्दल काय अंदाज बांधला होता आणि कशावरून? पुढे तो कुठे फसला, चांगल्या बाजूने किंवा वाईट? आणि क्यूसी-प्रॉडक्शनमधलं कोणी असेल तर प्लीज सांगा की आमच्यासारख्या पोरांमध्ये तुम्ही बघता काय. "मेहनत कर, यश मिळेल" सोडून काहीही चालेल.

---

दौंडचा_केमिस्ट

तू म्हणतो, चालेल ना? माझी धाकटी बहीण तुझ्याच वयाची आहे.

मी पण बीएस्सी केमिस्ट्री, २०१६ पास, असंच तालुक्याचं कॉलेज. आधी कुरकुंभ, मग अंकलेश्वर, आता हैदराबादजवळ औषध कंपनीत क्यूसीला आहे. गेली काही वर्षं फ्रेशरचे इंटरव्ह्यू मलाच घ्यायला बसवतात, म्हणून टेबलाच्या पलीकडचं सांगतो.

मार्कशीट बघतो, पण पास आहे की नाही एवढ्यापुरतं. माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: परमँगनेटचं टायट्रेशन (खुणांच्या नळीतून, म्हणजे ब्युरेटमधून, थेंब थेंब सोडून द्रावणाची ताकद काढणं) करताना ब्युरेटचं रीडिंग वरच्या कडेला का घेतो, खालच्या का नाही? हे टायट्रेशन तुम्ही सगळ्यांनी केलेलं असतं. तरी निम्मी पोरं गप्प. नेम रिअॅक्शन धडाधड सांगतात, पण हे नाही. रंग इतका गडद असतो की खालची कड दिसतच नाही, संपला विषय. ज्याने स्वतः डोळा लावून बघितलंय तो लगेच सांगतो. पुढे विचारतो, परमँगनेटचं द्रावण बनवल्यावर त्याची नॉर्मॅलिटी (ताकद) ऑक्झॅलिक अॅसिडवर का काढायची, वजन करून बाटलीवर जो आकडा टाकला तोच का धरायचा नाही? आणि ऑक्झॅलिक गरम का करतो? मग पीएच मीटर कुठल्या बफरवर (ठरलेल्या पीएचच्या द्रावणावर) सेट करतात. इथपर्यंत नीट आलं की मी पेन खाली ठेवतो.

एचपीएलसीला (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन) हात लावला नसेल तर तसंच सांग. "थिअरी वाचली आहे, मशीन चालवलेलं नाही" म्हणणाऱ्या पोरी मी घेतल्यात. "हो सर, सगळं येतं" म्हणणाऱ्याला विचारलं की मोबाइल फेज (त्या मशीनमधून वाहणारं द्रावण) ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून का काढतात आणि त्यातली हवा का घालवतात, की तो छताकडे बघायला लागतो.

आणि एक. जर्नल मागतो कधीकधी. तिन्ही रीडिंग १०.२, १०.२, १०.२ असली की मला कळतं, बसवलेली आहेत. मीही कॉलेजात बसवायचो, सगळेच बसवतात. पण कंपनीत हा गुन्हा आहे. अमेरिकेला माल जातो, त्यांचे लोक येऊन एकेक पान चाळतात. आकडा चुकला तर त्यावर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला सही आणि तारीख. व्हाइटनर लॅबच्या दारातून आत येत नाही. ही सवय ज्याला आहे त्याला बाकीचं आम्ही शिकवतो.

आता पैशाचं खरं सांगतो. सुरुवातीला बहुतेक ठिकाणी ठेकेदाराच्या नावावर घेतात. पीएफ कापून हातात तेरा-चौदा हजार पडतात. रूम आणि डबा यात निम्मे जातात. दोन वर्षं मशीनवर हात बसला की मग कंपनी बदलायची, तेव्हा खरा पगार सुरू होतो. ही दोन वर्षं निघतात का, यावर सगळं आहे. केमिस्ट्री येत नाही म्हणून गळणारी पोरं कमी, पहिल्या दिवाळीला घरी जाऊन परत न येणारी जास्त.

तू टाकलेल्या दोनबद्दल: मुलींना क्यूसीत घेतात, बऱ्यापैकी घेतात. प्रॉडक्शनला अजून कमी. पण वॉक-इनला (थेट जाऊन द्यायच्या इंटरव्ह्यूला) मुली येतच नाहीत. दिवसभरात शंभर पोरं बघितली तर मुली हाताच्या बोटावर. आलेल्यांची तयारी बहुतेक वेळा पोरांपेक्षा चांगली असते. न आलेल्यांनी घरीच स्वतःला नापास केलेलं असणार.

---

निवांत_माणूस

एवढं सगळं कशाला. वशिला आहे का? पाच. नाही? शून्य. मधले आकडे कमिटीसाठी.

---

तिसऱ्या_बाकावरची

@निवांत_माणूस, काका, वशिल्याचं मी नाकारत नाहीये, शेजारणीचा मामा सांगितलाच की. पण मग कुरकुंभच्या ताईला कोण होतं? तिच्या वडिलांची पानटपरी आहे.

@दौंडचा_केमिस्ट, दादा, तुम्ही डोक्यात कल्ला केलात. परमँगनेटच्या रीडिंगचं मला आलं! ऑक्झॅलिकचं अर्धं आलं. ते प्रायमरी स्टँडर्ड (ज्याच्या वजनावर विसंबता येतं असं रसायन) आहे एवढं लिहिलं होतं परीक्षेत, पण परमँगनेट का नाही, हे कधी विचारावंसं वाटलंच नाही. एचपीएलसी आमच्याकडे आहे, काचेच्या खोलीत कुलपात. सेकंड इयरला आम्हाला बाहेरून दाखवलं.

ओजेटी (कोर्समधलं प्रत्यक्ष कामाचं ट्रेनिंग) म्हणून मी गावातल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये होते. बाकीच्यांनी नुसती सर्टिफिकेटं आणली, मी खरंच जायचे. पण तिथे काय केलं तर सॅम्पलच्या नळ्यांवर नाव, वेळ, नंबर घालणं आणि रजिस्टर लिहिणं. ते काही केमिस्ट्रीत धरता येणार नाही ना?

---

खुर्ची_नंबर_४२

पुण्यातून लिहितोय, सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेतून. बीई मेकॅनिकल. किती वर्षं झाली ते विचारू नका, घरचे पण आता विचारत नाहीत.

तुमच्या टॉपरच्या "एक" बद्दल बोलायचंय, कारण तो मी आहे. माझाही कॉलेजात प्रायव्हेटचा विचारच नव्हता. आयटीत जे मित्र गेले त्यांना साडेतीन लाखांच्या आसपास पॅकेज मिळालं आणि आमचे सीनियर दहा वर्षांपूर्वी जवळपास त्याच आकड्यावर लागले होते, म्हणून आम्ही त्यांना हसायचो. मग २०२३-२४ ला मोठ्या कंपन्यांची माणसंच कमी झाली. टीसीएसची १३,००० वर, इन्फोसिसची जवळपास २६,०००. तेव्हा अभ्यासिकेत अक्षरशः चहा वाटला पोरांनी. "बघा, प्रायव्हेटचं काही खरं नाही, आपणच शहाणे." इकडे आपलं काय चाललंय ते कोणी बघत नव्हतं.

आपलं काय चाललं होतं? तलाठी भरती २०२३. जागा साडेचार हजारांच्या वर थोड्या, अर्ज दहा लाखांवर. खुल्या गटाला फॉर्मची फी १,००० रुपये. शेकडा हिशेब केला तर फॉर्म भरायची इच्छा होणार नाही. पण तिथे बसलेल्या प्रत्येकाचा एक खाजगी हिशेब असतो. "दहा लाखांतले आठ लाख नुसते फॉर्म भरणारे. दीड लाख कच्चे. खरी लढत पन्नास हजारांत, त्यात माझा अंकगणिताचा पेपर चांगला." असं करत करत तो स्वतःला पहिल्या पाच हजारांत आणून बसवतो. मीही बसवलं होतं. शेजारच्या खुर्चीवरच्याने पण. आम्ही दोघे एकाच ताटात जेवायचो आणि दोघांच्याही हिशेबात दुसरा त्या आठ लाखांत होता. हे एकदा बोलण्यात निघालं आणि आम्ही पोट धरून हसलो. अजून दोघंही इथेच आहोत.

राज्यसेवेचा पॅटर्न बदलायचा निघाला तेव्हा बघा. वर्णनात्मक पेपर २०२३ पासून लागू होणार म्हटल्यावर पोरं रस्त्यावर बसली, मग ते २०२५ वर गेलं. त्या महिन्यात एकाच अभ्यासिकेत निम्म्यांना वाटत होतं आपलं आयुष्य वाचलं, निम्म्यांना वाटत होतं बुडालं. पोरं तीच, अभ्यास तोच.

खुल्या गटाला वयाची अट ३८, मागासवर्गीयांना ४३. ऐकायला सोय वाटते. मला विचाराल तर याच आकड्याने जास्त पोरं अडकलीत. दार बंदच होत नाही, मग उठायचं कधी?

टॉपरला एवढंच सांगा की येताना परतीची तारीख ठरवून ये आणि ती आईला सांगून ये. स्वतःला सांगितलेली तारीख पुढे ढकलता येते.

---

खडू_डस्टर

कोल्हापूरकडे मानसशास्त्र शिकवून निवृत्त झालो. मुलीने प्रश्न चांगला मांडलाय, आणि त्याचं अर्धं उत्तर तिनेच चहाच्या गाड्यावर शोधलंय.

सर दारात उभे असताना भरलेला फॉर्म म्हणजे सरांना काय हवंय याची चाचणी. त्यावर बोलायला नको. पण दारात कोणी नसतं तरी तो प्रश्न तसा कच्चाच होता. अँड्र्यू रॉथवेल नावाचा ब्रिटिश संशोधक आहे. त्याने आणि सहकाऱ्यांनी २००८ साली खास विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांसाठी १६ विधानांची एक मोजपट्टी बनवली, स्वतःला नोकरी मिळण्याबद्दल काय वाटतं ते मोजायला. तिचं शहाणपण एवढंच की ती एकदम "मिळेल का" असं विचारत नाही. स्वतःच्या कुवतीवर विश्वास किती, तुमच्या विद्यापीठाच्या नावाला बाहेर मान किती, तुमच्या विषयाला मागणी आहे का, आणि एकूण बाजार कसा आहे, हे सुटं सुटं काढून घेते. मी वर्गात त्यातलं थोडं मराठीत करून वापरायचो. एकच मुलगा स्वतःबद्दल भरभरून लिहायचा आणि कॉलेजच्या नावापुढे भोपळा द्यायचा. दुसऱ्याचं नेमकं उलटं. दोघांची बेरीज सारखी. आता या दोघांना एकच सल्ला देऊन कसं चालेल? पहिल्याला बाहेरगावच्या मुलांसमोर उभं करायला हवं, दुसऱ्याला प्रयोगशाळेत.

तुझ्या वर्गातल्या टॉपरचा एक हा बाजाराबद्दल आहे, आणि बाजारातल्या एकाच गल्लीबद्दल. शेजारणीचे पाच मामाबद्दल. तुझे दोन कशाबद्दल आहेत ते तू लिहिलं नाहीस. केमिस्टसाहेबांचे प्रश्न वाचून तुला त्यातलं एक लगेच आलं, म्हणजे कुवतीबद्दल नसावेत.

आता आकड्यांबद्दल एक सांगतो, कारण ही बातमी मुलांना फार घाबरवते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या भारतावरच्या २०२४ च्या अहवालात होतं की २०२२ मध्ये तरुण पदवीधरांतली बेरोजगारी २९.१ टक्के, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ३.४ टक्के. व्हॉट्सअॅपवर याचा अर्थ "शिकून वाटोळं" असा फिरला. पण बेरोजगार कोणाला धरतात? जो काम शोधतोय आणि ज्याच्याकडे ते नाही त्याला. ज्याच्या घरात संध्याकाळची भाकरी आजच्या मजुरीवर आहे तो शोधत बसत नाही, मिळेल त्यावर जातो, म्हणून तो त्या आकड्यात दिसत नाही. पदवीधराच्या घरी निदान काही महिने त्याला पोसायची सोय असते आणि पदवीची लाजही असते. तो आकडा संधी किती कमी आहेत हे सांगतोच, पण थांबणं कोणाला परवडतं हेही सांगतो. तुझ्या वडिलांच्या "तोपर्यंत बीएड होतंच की" मध्ये हाच हिशेब आहे, आणि तो मूर्खपणाचा नाही.

फक्त एक गोष्ट रॉथवेलच्या १६ विधानांत कुठेच नाही: घरचे. ते विलायतेत चालून जात असेल. आपल्याकडे, त्यातून मुलींच्या बाबतीत, सतरावं विधान घातल्याशिवाय ती पट्टी लागू पडत नाही असं माझं मत आहे.

---

वाईची_लेक

सरांच्या सतराव्या विधानावर मी बोलते, कारण त्यात माझी पीएचडी आहे.

मी २००९ ची एमएस्सी ऑरगॅनिक. आमच्या बॅचच्या मुली "नोकरी मिळेल का" असं म्हणायच्या तेव्हा खरा प्रश्न असायचा, कुठपर्यंत जाऊ देतील. कंपास घेऊन घराभोवती वर्तुळ काढावं तसं प्रत्येकीचं वर्तुळ ठरलेलं. कोणाचं सातारा, कोणाचं पुणे. माझं सातारा. तळोज्याला सिलेक्शन झालं होतं, गेले नाही, विषय संपला. मग वर्तुळाच्या आत काय आहे ते शोधलं तेव्हा कळलं की केमिस्ट म्हणजे फार्माच, हे आम्हाला कॉलेजने शिकवलेलं, खरं तसं नाही. मी एका दूध संघाच्या लॅबला लागले. फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), युरिया, स्टार्च, टँकर उभा असतानाच रिपोर्ट द्यायचा. टँकरवाला खिडकीशी उभा राहून दम द्यायचा ते वेगळं.

तुझ्याकडे तर साखर कारखान्यांची रांग आहे. सोलापूर जिल्ह्याइतके कारखाने शोधून सापडायचे नाहीत. प्रत्येकाला लॅब आहे, ब्रिक्स-पोल (रसातले विरघळलेले पदार्थ आणि साखर) काढायला केमिस्ट लागतो. वाईट बाजू पण सांगते: काम हंगामी, पाळी रात्रीचीही, पगार वेळेवर होईलच असं नाही, आणि बऱ्याच ठिकाणी चेअरमनच्या गावची माणसं आधी. निवांत काका तिथे बरोबर आहेत. पण माती-पाणी तपासणीच्या लॅब आहेत, दूध आहे, खाद्यतेल आहे, डाळ मिल तर तुमच्या बार्शीतच आहेत, त्यांच्या मालाची तपासणी कोणीतरी करतंच ना.

आणि वर्तुळ वाढतं. माझ्या धाकट्या नणंदेला रांजणगावला मिळत होतं, सासरे नाहीच म्हणत होते. तिने वाद घातला नाही. सासूबाईंना घेऊन गेली. रूम दाखवली, रूमवरच्या दोघी मुली दाखवल्या, कंपनीची बस कुठे थांबते आणि संध्याकाळी किती वाजता सोडते ते दाखवलं, खानावळीत जेवू घातलं. सासूबाई येताना गाडीतच म्हणाल्या, आमटी पातळ होती, पण मुली चांगल्या आहेत. झालं. घरच्यांनाही कंपनी म्हणजे एसटीच्या खिडकीतून येणारा वासच माहीत असतो, तुझ्यासारखा.

---

तिसऱ्या_बाकावरची

ताई, आमटी पातळ वाचून खूप हसले. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मी पण येईन बघायला." बाबा पेपर वाचत होते, त्यांनी मान वर केली नाही, पण पान पण उलटलं नाही.

सर, माझे दोन कशाबद्दल होते ते आता सांगते. केमिस्ट्री मला येते असं मला वाटतं. विषयाला मागणी किती हे मला माहीतच नव्हतं, ई-सेवा केंद्रवाल्या दादाकडे बघून ठरवलेलं. आणि बाकी सगळा घरचा भाग होता. तो मी बीएस्सीच्या नावावर खपवला.

काल कुरकुंभच्या ताईचा नंबर मिळवून फोन केला. वाटलं होतं भाव खाईल, पण ती अर्धा तास बोलली, तिलाच बोलायचं होतं बहुतेक. हातात पडतात ते केमिस्ट दादांनी सांगितले तेवढेच. तिघी मिळून रूम आहे. पहिले काही महिने तिला फक्त काचसामान धुणं आणि सॅम्पल आणणं दिलं होतं, तेव्हा ती रोज रडायची म्हणे. आता ती टायट्रेशनला आहे आणि मशीनवाल्या बाईच्या मागे लागलीय की मला शिकवा. तिच्या मते आमच्या बॅचचं कोणीच तिला कधी काही विचारलं नाही. आम्हाला वाटायचं ती मोठी झालीय, बोलणार नाही.

@खुर्ची_नंबर_४२, दादा, टॉपरला तुमचा प्रतिसाद पाठवला. त्याने फक्त अंगठा दाखवलाय. कुठल्या हिशेबातला अंगठा ते कळलं नाही.

आता शेवटचं. ताई म्हणाली पुण्यात फार्मा क्यूसीचे क्लास असतात, दोन-तीन महिन्यांचे. मी एकाला फोन केला तर फी ३५,००० सांगितली, १०० टक्के जॉब गॅरंटी, आज भरले तर पाच हजार कमी. एवढे पैसे घरात मागायचे तर एकदाच मागता येतील. करावं का?

---

दौंडचा_केमिस्ट

"आज भरले तर" म्हणाला तिथेच फोन ठेवायचा.

सगळे क्लास फसवे नसतात, पण पैसे भरायच्या आधी जाऊन बस. कुठलीही बॅच चालू असताना जा, रिकाम्या लॅबमध्ये नाही. मशीन चालू आहे का आणि ते मुलांच्या हातात आहे का ते बघ. एका मशीनवर किती मुलं आहेत मोज. शेवटी प्रत्येकाला स्वतः मशीनमध्ये टोचलेल्या सॅम्पलचा क्रोमॅटोग्राम (मशीनने काढलेला आलेख) मिळतो का विचार. नुसतं सर्टिफिकेट देत असतील तर ३५,००० ला तो कागद महाग आहे. आणि जॉब गॅरंटीवाल्याला विचार, मागच्या बॅचच्या दोन मुलींचे फोन नंबर द्या. देणार नाही.

त्याच्याआधी फुकटातलं करून बघ. तुमच्या काचेच्या खोलीची किल्ली कोणाकडे असते? लॅब असिस्टंटकडे असेल. हेडना लेखी अर्ज दे, चार-पाच जण मिळून, की परीक्षा झाल्यावर आठवडाभर मशीन शिकवा. सध्या कमिटी यायची आहे ना, आत्ता नाही म्हणायला त्यांना जड जाईल. केंद्राच्या नॅट्स पोर्टलवर पण नाव घाल, नव्या पदवीधरांच्या अप्रेंटिसशिप तिथे निघतात. स्टायपेंड बेताचा असतो, पण कंपनीच्या आतलं वर्ष मिळतं.

कन्सल्टन्सीवाला जॉइनिंगसाठी पैसे मागेल, एक रुपया द्यायचा नाही.

आणि पॅथॉलॉजी लॅबचं तू जे विचारलंस, ते केमिस्ट्रीत धरता येणार नाही म्हणतेस, पण सॅम्पलवर नंबर, वेळ, नाव घालून रजिस्टर लिहिणं हेच माझ्या लॅबमधलं सकाळचं पहिलं काम आहे. नळी एकदा बदलली गेली की पुढचं सगळं टायट्रेशन वाया. ते बायोडाटात सगळ्यात वर टाक, महिने आणि कामासकट, "ओजेटी पूर्ण" एवढंच लिहू नकोस. बायोडाटा एका पानात बसव, छंद-बिंद काढून टाक आणि व्यनि कर. रविवारी सुट्टी आहे, बघून ठेवतो. ऑक्झॅलिक गरम का करतात ते मात्र तू सांग, मी सांगणार नाही.